पिल्लू निवडण्याआधी त्याच्या आईला भेटा

प्रश्न : आम्ही नाशिकला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहतो. घरात आम्ही दोघे, ९ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई आहोत. मुलगा दोन वर्षांपासून लॅब्रॅडॉरसाठी मागे लागला होता. आता आमचीही तयारी झाली आहे. फोनवरून ओळख झालेल्या एका ब्रीडरने ३२ दिवसांच्या पिल्लाचे व्हिडिओ पाठवले आहेत. "हेवी बोन आहे, पंच फेस आहे, शेवटचे एकच उरले आहे, पेपरसह ३०,००० आणि पेपरशिवाय १८,०००," असे तो म्हणतो. ५,००० रुपये आगाऊ भरले की महामार्गावरच्या एका हॉटेलपाशी तो पिल्लू आणून देणार आहे. स्वतःच्या घरी मात्र बोलावत नाही. दूध-पोळी घाला आणि रोज कॅल्शियमचे औषध पाजा, असेही त्याने सांगितले. सासूबाई माळकरी असल्यामुळे आमच्याकडे अंडेही शिजत नाही. पेपरसाठी १२,००० रुपये जास्त मोजावेत का? पिल्लाला काय खायला घालावे आणि लसी केव्हा द्याव्यात?
— एक वाचक, नाशिक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी "आगाऊ रक्कम भरू नका" एवढेच घाईने कळवले होते. त्यामागची कारणे आता सविस्तर लिहितो. पशुवैद्य म्हणून इतकी वर्षे दवाखान्यात बसल्यावर तुमच्या पत्रातली ब्रीडरची वाक्ये मला जवळजवळ पाठ झाली आहेत. गावे आणि माणसे बदलतात, पण 'शेवटचे एकच उरले आहे' हे वाक्य काही बदलत नाही.

प्रथम वयाविषयी लिहितो, कारण बाकीचे सगळे त्याच्याशी जोडलेले आहे. ३२ दिवसांच्या पिल्लाचे दुधाचे दात नुकतेच येत असतात आणि ते आईला अजून लुचत असते. पुढचे तीन-चार आठवडे भावंडांशी मस्ती करताना ते एक फार महत्त्वाची गोष्ट शिकते. जोरात चावले की समोरचे पिल्लू केकाटते आणि खेळ थांबतो, आई गुरकावून बाजूला सारते. अशा शेकडो प्रसंगांतून आपल्या जबड्याचा जोर किती लावायचा हे त्याला कळते. एक महिन्याचे असताना घरी आणलेली पिल्ले पुढे मुलांच्या हातापायांना कडकडून चावतात आणि पालक म्हणतात की आमचेच पिल्लू तापट निघाले. प्रत्यक्षात त्याची शाळाच अर्धवट सुटलेली असते. केंद्र सरकारने २०१७ साली श्वानपैदास आणि विक्रीविषयीचे जे नियम केले, त्यांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. मग ३२ व्या दिवशी विकण्याची घाई कशासाठी असते? पाचव्या आठवड्यापासून पिल्ले भरपूर खाऊ लागतात, त्यांच्या जंतनाशकाचा आणि पहिल्या लसीचा खर्च समोर असतो आणि वेतात एखादे पिल्लू आजारी पडले तर सगळेच हातचे जाण्याची भीती असते. ही सगळी जोखीम लवकरात लवकर तुमच्या दारात आणून ठेवायची, एवढाच त्याचा हिशेब असतो. शिवाय पाच आठवड्यांचे लॅब्रॅडॉर कापसाच्या गोळ्यासारखे दिसते, हेही विकणाऱ्याला चांगले ठाऊक असते.

आता हॉटेलपाशी पिल्लू देण्याविषयी. जो माणूस पिल्लू जन्मले ती जागा दाखवत नाही, त्याच्याकडून ते घेऊ नये, हा एकच नियम तुम्ही पाळलात तरी निम्म्या अडचणी टळतील. बऱ्याचदा असा माणूस स्वतः पैदास करतच नाही. चार ठिकाणची पिल्ले गोळा करून तो पुढे पोचवतो, आणि वेगवेगळ्या वेतांतली पिल्ले एका गाडीत, एका टोपलीत आली की एकाचा आजार दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही. तुम्ही प्रत्यक्ष जा, शक्यतो जेवणाच्या वेळेला जा, आणि पिल्लाकडे पाहण्याआधी त्याच्या आईकडे पाहा. ती तुमच्याजवळ येते की कोपऱ्यात अंग चोरून बसते? दोन महिने दूध पाजल्याने ती थोडी उतरलेली असेल, केसही गळलेले असतील, त्यात वावगे काही नाही; पण बरगड्या मोजता येत असतील, कोपरांवर जखमा असतील किंवा ओटी जमिनीला टेकेल इतकी लोंबत असेल, तर ही मादी प्रत्येक माजाला नराकडे दिली जाते असे समजावे. वर सांगितलेल्या २०१७ च्या नियमांनुसार मादी दीड वर्षाची होण्याआधी तिच्यापासून वेत घेता येत नाही, वर्षातून एकापेक्षा जास्त वेत घेता येत नाही आणि तिच्या सगळ्या आयुष्यात पाचांहून जास्त वेते घेता येत नाहीत. तिचे हे कितवे वेत, हा प्रश्न सरळ विचारा. चांगल्या पैदासकाराला त्याचा राग येत नाही; उलट तोच तुम्हाला दिवसभर घरी कोण असते, फिरायला कोण नेणार, घर भाड्याचे आहे का, असे दहा प्रश्न विचारतो.

पिल्लांमधून निवडताना मुलाचा हात जरा धरून ठेवा, कारण जे पिल्लू सगळ्यांत आधी धावत येऊन बुटाची नाडी ओढते तेच मुलांना आवडते. ते वाईट असते असे नाही, पण पहिल्यांदाच कुत्रे पाळणाऱ्या घराला मधल्या स्वभावाचे पिल्लू जास्त सोपे जाते, म्हणजे थोड्या वेळाने जवळ येणारे, उचलल्यावर क्षणभर वळवळून मग शांत होणारे. हिरड्या गुलाबी हव्यात, नाक आणि डोळे वाहते नसावेत, बेंबीपाशी मऊ गाठ नसावी. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले आणि पाठ मात्र हाडकुळी दिसली तर पोटात जंत आहेत असे समजा. हे जंत आईकडूनच येतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी पिल्लांना जंतनाशक द्यावे लागते. ते दिल्याच्या तारखा कुठे लिहून ठेवल्या आहेत का ते पाहावे.

'हेवी बोन' (जड हाडे) आणि 'पंच फेस' (दबलेले, आखूड तोंड) हे केवळ बाजारातले शब्द आहेत. लॅब्रॅडॉर कसा असावा याचे जे लेखी मानक आहे त्यात दबलेल्या तोंडाला स्थान नाही. हा मुळात पाण्यात पोहून शिकार तोंडात आणून देणारा, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर काम करणाऱ्या कुत्र्यांच्या वंशातला प्राणी आहे. त्याला लांब श्वास आणि मोकळे सांधे हवेत. जड हाडांच्या आणि आखूड तोंडाच्या नादापायी आपण त्याच्या या दोन्ही गोष्टी बिघडवत आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमचा मुख्य प्रश्न पेपरचा. पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया या चेन्नईच्या संस्थेकडची वंशनोंदणी. आई आणि वडील दोघेही तिथे नोंदलेले असतील तर त्यांच्या वेताची नोंद होते. पिल्लाच्या खांद्यांच्या मधोमध, कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवतात आणि तिचा १५ अंकी क्रमांक नोंदीत येतो. या कागदावरून पिल्लाचे आई-वडील कोण हे कळते. त्याचा खुबा घट्ट आहे का, डोळे पुढे चांगले राहतील का, याविषयी तो कागद काहीही सांगत नाही, आणि बहुतेक लोकांचा गोंधळ नेमका इथेच होतो. आता तुमच्या ब्रीडरच्या दोन दरांकडे पाहा. आई-वडील नोंदलेले असतील तर सगळ्या वेताचीच नोंद व्हायला हवी, आणि नोंदणीचा प्रत्यक्ष खर्च १२,००० रुपयांच्या जवळपासही जात नाही. मग 'पेपरशिवाय' स्वस्त पिल्लू शिल्लक कसे राहते? एक तर त्या वेताची नोंदणी होऊच शकत नाही, किंवा या पिल्लाच्या नावाचा कागद दुसऱ्याच एखाद्या पिल्लाला चिकटणार आहे. दोन्ही उत्तरे वाईट आहेत. तुम्हाला प्रदर्शनात भाग घ्यायचा नाही आणि पैदासही करायची नाही, म्हणून केवळ कागदासाठी जादा पैसे मोजू नका. पण ज्याच्याकडे आई-वडिलांची नोंद, चिपचे यंत्र आणि लसीचे पुस्तक मागताक्षणी समोर येते, त्याच्याकडे ३०,००० रुपये द्यायला काहीच हरकत नाही. चिप स्वतःसमोर यंत्राने वाचून घ्या आणि कागदावरचा क्रमांक अंक-अंक ताडून पाहा. पावतीवर त्याचे नाव, पत्ता आणि सही असू द्या.

याहून महत्त्वाचा एक कागद मात्र कोणी मागतच नाही. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्याचा आनुवंशिक दोष पुष्कळ आढळतो. आई-वडील एक वर्षाचे झाल्यानंतर त्यांच्या खुब्यांचा एक्स-रे काढला होता का आणि तो पाहायला मिळेल का, एवढे विचारा. आपल्याकडे 'हो' म्हणणारे थोडे भेटतील. जो भेटेल त्याच्याकडे सहा महिने थांबावे लागले तरी थांबा. आणि थांबणे शक्य नसेल तर आणखी एक वाट आहे. पहिल्या दोन वर्षांच्या हौसेनंतर नकोसे झालेले अनेक लॅब्रॅडॉर नव्या घराची वाट पाहत असतात. तुमच्या शहरातल्या एखाद्या पशुवैद्याला विचारलेत तर असे एखादे कुत्रे नक्की कळेल. त्याची उंची, स्वभाव आणि चाल सगळे समोर दिसत असते. ९ वर्षांच्या मुलासाठी ते मला कित्येकदा जास्त योग्य वाटते, पण पिल्लू म्हटल्यावर ही वाट कोणाला पटत नाही हेही मी जाणतो.

आता खाण्याविषयी, कारण तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यात सर्वांत जास्त अपाय करणारी गोष्ट इथेच आहे. दूध-पोळी खाऊन पिल्लू जगते, पण आठ-नऊ महिन्यांत जन्माच्या वजनाच्या कित्येक पटींनी वाढणाऱ्या शरीराला लागणारी प्रथिने त्यात नसतात, आणि दूध पुष्कळ पिल्लांना पचत नसल्याने रोज पातळ शी होत राहते. कॅल्शियमच्या बाटलीचे मूळ याच दूध-पोळीत आहे. पूर्वी अशा खाण्यावर वाढणाऱ्या कुत्र्यांचे पाय वाकत, म्हणून डॉक्टर कॅल्शियम लिहून देत, आणि ती सवय खाणे बदलल्यावरही राहिली. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी बनवलेल्या तयार खाद्यात कॅल्शियम मोजून घातलेले असते. त्यावर आणखी दिले तर सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाचे आतडे ते अडवू शकत नाही, आणि हाडांची व सांध्यांच्या कूर्चेची वाढ बिघडते. पाच महिन्यांचा एक काळा लॅब्रॅडॉर माझ्याकडे आणला होता. पुढचे दोन्ही पाय मनगटातून बाहेर वळलेले, टेबलावर उभा करताच पंजे फाकून घसरत होता. मालक मोठ्या कौतुकाने सांगत होते की महागातले खाद्य चालू आहे आणि शिवाय दिवसातून दोनदा कॅल्शियमचा मोठा चमचा कधी चुकवलेला नाही. ती बाटली त्याच दिवशी बंद केली. पाय पुष्कळसे सुधारले, पण तो पळताना आजही थोडा तिरपा पळतो.

म्हणून पहिले वर्ष मोठ्या जातीच्या पिल्लांचे तयार खाद्य द्या. ब्रीडर जे देत होता तेच पहिले चार-पाच दिवस चालू ठेवून मग हळूहळू बदला. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा. या खाद्यात कोंबडीचे मांस असते, हे सासूबाईंना आधीच मोकळेपणाने सांगा. ते कोरडे दाणे असतात, शिजवावे लागत नाहीत. डबा आणि वाटी बाल्कनीत वेगळी ठेवली की स्वयंपाकघराचा विटाळ होत नाही, आणि माझ्या पाहण्यातल्या दोन माळकरी घरांत हा तह व्यवस्थित पाळला जातो. निव्वळ शाकाहारावर लॅब्रॅडॉरचे पिल्लू वाढवण्याचा प्रयोग मात्र करू नका. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट त्याच्या तोंडी जाता कामा नयेत. तुम्ही नाशिकचे, म्हणून द्राक्षांचे मुद्दाम लिहितो: हंगामात घरात पेटी उघडी असते, आणि कोणत्या कुत्र्याला किती द्राक्षे बाधतील याचा नेम नाही, काहींची मूत्रपिंडे थोड्याशा द्राक्षांनीही निकामी होतात.

लॅब्रॅडॉरला पोट भरल्याचे कळत नाही असे आपण थट्टेने म्हणतो, पण त्याला आधार आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. त्यामुळे त्याच्या केविलवाण्या डोळ्यांवर विसंबून वाटी भरू नका, वजनकाट्यावर मोजून भरा. ४८ लॅब्रॅडॉरच्या जोड्या लावून त्यांच्या आयुष्यभर चाललेल्या एका अभ्यासात ज्यांना जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिले ते सरासरीने पावणेदोन वर्षांहून जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. माझी स्वतःची लॅब्रॅडॉर मी लाडाने ४१ किलोंपर्यंत नेली होती. दहाव्या वर्षी तिला उठवायला टॉवेलचा झोळ पोटाखाली घालावा लागे, आणि तेव्हा मला खायला घालण्याचे शास्त्र येत नव्हते असे म्हणायचीही सोय नव्हती. बरगड्यांवरून हात फिरवला की त्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत, डोळ्यांना मात्र दिसता कामा नयेत, एवढे माप पुरेसे आहे.

तुमच्या इमारतीला लिफ्ट नाही, हे वाचून मी थबकलो होतो. मोठ्या जातींच्या पिल्लांवर नॉर्वेत झालेल्या अभ्यासात, तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढ-उतार करणाऱ्या पिल्लांत खुब्याचा दोष जास्त आढळला, आणि मऊ जमिनीवर मोकळे बागडणाऱ्यांत कमी. तेव्हा सुरुवातीचे महिने त्याला दोन्ही हातांनी, एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली घालून उचलून न्यावे लागेल. पाचव्या महिन्यात ते पंधरा किलोंच्या आसपास जाईल, तेव्हा हे काम कोण करणार ते आजच ठरवा. पूर्ण वाढलेला कुत्रा ३० किलोंचा असतो आणि म्हातारपणी त्याला पुन्हा उचलावे लागते. मुलगा तेव्हा विशीत असेल आणि बहुधा दुसऱ्या गावी शिकत असेल. घरातल्या गुळगुळीत लाद्यांवर, निदान ते जिथे खेळते तिथे, जुनी सतरंजी किंवा रबराची चटई अंथरा.

लसींचे वेळापत्रक तुमचे पशुवैद्य ठरवतील, पण त्यामागचे तत्त्व समजून घ्या. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण पिल्लाला काही आठवडे वाचवते आणि तेच लसीलाही निष्प्रभ करते. ते कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचे निराळे असते. म्हणून पार्व्हो (रक्ताचे जुलाब करणारा) आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या दोन जीवघेण्या विषाणूजन्य रोगांची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. 'एक लस दिली आहे' याचा अर्थ पिल्लू सुरक्षित आहे असा होत नाही. रेबीजची लस तीन महिन्यांचे झाल्यावर द्यायची, पुढे दर वर्षी, आणि तिचे प्रमाणपत्र महापालिकेच्या परवान्यासाठीही लागेल. पिल्लू खाणे सोडून मलूल बसले, उलट्या झाल्या, शीमध्ये रक्त दिसले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री डॉक्टरांकडे न्या. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनाइलवर त्याला मारण्यासाठी विसंबता येत नाही. पातळ केलेले ब्लीच लागते. ज्या घरात आधी पार्व्होने कुत्रे गेले असेल तिथे पिल्लाला नेऊ नका.

याच दिवसांत दुसरीही एक घाई असते. तीन ते चौदा आठवडे या वयात जे दिसते, ऐकू येते ते पिल्लाला आयुष्यभर ओळखीचे राहते, आणि लसी पूर्ण होईपर्यंत त्याला घरात कोंडले तर नेमका हाच काळ निघून जातो. जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन रोज बाहेर न्या. रिक्षा, शाळा सुटल्याचा गलका, काठी घेतलेले आजोबा, हेल्मेट घातलेला माणूस हे सगळे त्याने तुमच्या हातातून पाहावे आणि पाहताना एखादा दाणा खावा. कुकरची शिट्टी घरातच ऐकायला मिळेल. ढोलाचा सराव चालू असेल तिथून चांगले दोनशे पावले लांब उभे राहा, आणि ते बिचकले नाही तरच दुसऱ्या दिवशी थोडे जवळ जा. नाशिकच्या ढोलाला घाबरणारे कुत्रे नाशिकमध्ये सांभाळणे फार जिकिरीचे असते.

घरी आणण्याचा दिवस मुलाच्या शाळेच्या सुट्टीला जोडून घ्या. निघताना जुने धुतलेले फडके बरोबर न्या, आई आणि भावंडे निजतात त्या जागी ते तासभर ठेवा आणि पिल्लाबरोबर परत आणा. पहिल्या रात्री ते रडेल. त्याला बाल्कनीत किंवा जिन्याखाली ठेवू नका. तुमच्या पलंगाशेजारी खोक्यात ते फडके घालून झोपवा, आणि ते कुरकुरू लागले की हात खाली सोडा. मध्यरात्रीनंतर एकदा उठून त्याला शी-शूच्या जागी न्यावे लागेल, कारण दोन महिन्यांच्या पिल्लाला रात्रभर कळ काढता येत नाही. पहिले पंधरा दिवस ही पाळी कोणाची, ते तुम्ही दोघांनी आपसांत ठरवून ठेवा. मुलाने कितीही शपथा घेतल्या तरी त्याला जाग येणार नाही.

आपला,
सदरलेखक